बियाण्यापासून सांबार कांदा : नाशिकच्या हवेत रोप, लावण, काढणी आणि पावसाळाभर साठवण

मातीतला_सोबती | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

पाऊस परतला, वाफसा आला, उळे (कांद्याचं बी) टाकायचे दिवस आले. उन्हाळ कांदा कसा करायचा हे नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण सांबारात पडतो तो छोटा कांदा, तोही गड्डे न लावता बियाण्यापासून, घरामागच्या वाफ्यात किंवा गच्चीवर कसा घ्यायचा, याची माहिती एका जागी मिळत नाही. म्हणून हा धागा. हिशेब ३ फूट बाय १० फूट वाफ्याचा देतोय, आपापल्या जागेप्रमाणे कमीजास्त करून घ्या.

आधी जात. छोट्या कांद्याच्या जुन्या जाती गड्डे लावूनच वाढवतात. बियाण्यावर घ्यायचा तर तामिळनाडू कृषी विद्यापीठाची सीओ ऑन ५ ही जात बघा. तिला फुलं येऊन बी धरतं आणि लावणीपासून साधारण ९० दिवसांत ती काढणीला येते.

गड्डे मिळत असताना बियाण्याच्या वाटेला का जायचं? तेच ते गड्डे वर्षानुवर्षे लावत गेलं की पात पिवळी आणि आखूड पाडणारे विषाणू गड्ड्यातून पुढच्या पिकात जात राहतात. कांदा वर्षागणिक बारीक होतो आणि आपण खताला दोष देतो. बियाण्यापासून सुरुवात केली की हा वारसा बहुतांशी तुटतो. शिवाय गड्डे किलोने लागतात, बी दोन ग्रॅम पुरतं.

या वाफ्यात १५ बाय १० सेंटीमीटरवर सुमारे १८० रोपं बसतात. १ ग्रॅम बियात अडीचशे-तीनशे दाणे असतात. उगवण, मर (रोपं कोलमडण्याचा रोग) आणि लावणीतली तूट धरून २ ग्रॅम बी भरपूर झालं. रोपासाठी दोन चौरस फूट जागा किंवा तेवढाच पसरट ट्रे घ्या. बोटभर अंतरावर उथळ रेघा ओढा, एक सेंटीमीटर खोल बी टाका आणि चाळलेल्या शेणखताने झाका. फोकून टाकलेलं बी दाट पडतं आणि मर नेमकी दाट जागी सुरू होते. वर ओलं गोणपाट टाका, पण रोज सकाळी उचलून बघा. दाण्यातून आकड्यासारखी वाकडी काडी वर आली की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी काड्या पिवळ्या, लांबट होऊन आडव्या पडतात. उगवण सात ते दहा दिवसांत होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बी टाकलं की डिसेंबरच्या मध्यावर लावण आणि मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काढणी. पुढचं जाणकारांनी भरावं.

पंचवटीची_पालवी | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

बी घेताना पाकिटावरची तारीख बघाच. कांद्याचं बी वर्षभरात उगवणशक्ती घालवतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. जुनं बीसुद्धा तितकंच काळंभोर दिसतं. ५० दाणे मोजून ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा, डब्याचं झाकण सैल लावा, सहाव्या आणि बाराव्या दिवशी मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणजे ५० पैकी ३५. पंचवीसच उगवले तर दीडपट बी टाका. त्याहून कमी असेल तर नवं आणा.

गंगापूररोड_गच्ची | १८ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

ऑनलाइन शॅलॉटची (परदेशातला छोटा कांदा) संकरित पाकिटं दिसतात, चित्रात लांबट तांबूस कांदे. ती चालतील का? आणि बाजारातून आणलेला सांबार कांदा सरळ लावला तर?

दिवसमान | १८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

परदेशी पाकिटं घेऊ नका, पैसे वाया जातील. कारण खतपाण्यात नाही, उजेडात आहे. कांदा पोसायला लागतो तो दिवस ठरावीक लांबीचा झाल्यावर. आपल्याकडच्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. युरोपातल्या शॅलॉटना चौदा तास किंवा त्याहून जास्त लागतात. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरात दिवस अकरा तासांपेक्षा किंचित लहान, मार्चमध्ये बारा तासांचा, आणि २१ जूनलाही सव्वातेरा तासांच्या आसपासच. चौदा तास इथे कधी होतच नाहीत. पात मस्त गुडघाभर वाढेल, खाली मात्र लसणाच्या पातीसारखी जाड मान आणि गड्डा नाही. मग लोक पोटॅश घालत बसतात.

बाजारातल्या कांद्याचं दुसरं. ‘सांबार कांदा’ म्हणून मिळतो त्यात पुष्कळदा आपलीच चिंगळी असते, म्हणजे मोठ्या लाल कांद्याचा बारका माल. ओळखायची खूण सोपी. एक कांदा मधोमध आडवा कापा. चिंगळीत एकाच मध्याभोवती गोल कडी दिसतात. खऱ्या छोट्या कांद्यात दोन-तीन वेगळे मध्य दिसतात, प्रत्येकाभोवती आपापली कडी. सोलतानाही तो लसणाच्या पाकळ्यांसारखा सुटतो, पण बूड एकच. चिंगळी लावली तर डेंगळे (फुलाचे दांडे) येतील किंवा जोड कांदे निघतील. छोटा कांदा मिळणार नाही.

शिवाय बाजारातल्या कांद्याला विकिरण दिलेलं असू शकतं. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब येणं थांबतं, म्हणजे असा कांदा खायला उत्तम, लावायला निरुपयोगी.

वाफसा | १८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

जमिनीबद्दल. आपली काळी माती छोट्या कांद्याला तशीच्या तशी देऊ नका. पाणी धरून ठेवते, आणि शेवटी वाळताना आवळते, त्यात गड्डे चपटे होतात. गादीवाफा करा, १५ सेंटीमीटर उंच. ३ बाय १० ला ७ किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेण अजिबात नको, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मुळकूज वाढते. हाताने दाबल्यावर मातीसारखं भुगा होतं आणि वास येत नाही ते कुजलेलं.

ग्रो बॅग असेल तर खोली ८ ते १० इंच पुरे, रुंदी जास्त घ्या. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. कोकोपीट एक-दोन मुठींपेक्षा जास्त घालू नका. काढणीआधी पाणी तोडल्यावरही ते आठवडाभर ओल सोडत नाही आणि माना वाळत नाहीत. गच्चीवरचा कांदा टिकत नाही अशी तक्रार येते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

लावणीला रोप ४५ दिवसांचं. शेंड्याकडची एक तृतीयांश पात कापा, मुळं ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात (लिटरला ५ ग्रॅम) दहा मिनिटं बुडवा आणि दीड-दोन सेंटीमीटरच खोल लावा. खोल लावलेला कांदा गोल होत नाही, बाटलीसारखा लांबतो. लावताना वाफा ओला असावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं आंबवणीचं (लावणीनंतरचं दुसरं) पाणी, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. बॅगेत दोन-तीन दिवसांनी, बोट खुपसून बघूनच.

सातपूर_सेंद्रिय | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

खताचं प्रमाण कोणी सांगितलं नाही. मी सेंद्रियवाली आहे, पण ज्यांना रासायनिक द्यायचं त्यांनी अंदाजपंचे मूठमूठ टाकू नये म्हणून विचारते.

वाफसा | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

ताई, छोट्या कांद्याची शिफारस हेक्टरी ६०:६०:३० किलो (नत्र : स्फुरद : पालाश) आहे. ३ बाय १० वाफ्याला लावणीआधी युरिया १८ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १०५ ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश १४ ग्रॅम मातीत मिसळायचं. मग लावणीनंतर तिसाव्या दिवशी युरिया आणखी १८ ग्रॅम. काटा नसेल तर उधार घ्या, पण मोजा. सुपर फॉस्फेटच घ्यायचं, डीएपी नको, कारण सुपरमधून गंधकही मिळतं आणि कांद्याला ते लागतं.

तिसाव्या दिवसानंतर नत्र बंद. यावर मी ठाम आहे. शेणखताची स्लरी, जीवामृत, गोमूत्र, सगळं त्यात आलं. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते, जाड मान नीट मिटत नाही आणि साठवणीत बुरशी तिथूनच आत शिरते.

सातपूर_सेंद्रिय | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

स्लरी साठाव्या दिवसापर्यंत द्या असं मी सुचवणार होते, ते आता सोडते. पण सेंद्रियमध्ये लावणीवेळचा डोस हळू लागू होतो. तिसाव्या दिवशी एकदम थांबलं तर पात पिवळी पडते.

वाफसा | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

बरोबर. म्हणून सेंद्रियवाल्यांनी गांडूळखत लावणीआधीच दोन किलो जास्त द्यावं आणि स्लरी विसाव्या व पस्तिसाव्या दिवशी, बस. चाळिसाव्या दिवसानंतर खालची जुनी पात थोडी पिवळी होतेच, ती भूक समजू नका. मधली कोवळी पात हिरवी आहे ना, तेवढं बघा.

पंचवटीची_पालवी | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

कीड-रोगाचं लिहिते. जानेवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं की फुलकिडे. पातीवर चंदेरी चट्टे दिसतात तोवर उशीर झालेला असतो. त्याआधीच मधली दोन कोवळी पानं बोटांनी अलगद फाकवून बघा. आत, जिथे ती एकमेकांना चिकटलेली असतात तिथे, पिवळसर रंगाचे तिळाहून बारीक जीव सरपटताना दिसतील. पाण्याचा बारीक जोरदार फवारा तिथे मारला तर घरच्या वाफ्यात निम्मं काम होतं. निंबोळी अर्क मारायचा तर त्यात चिकट द्रव्य किंवा रिठ्याचं पाणी हवंच. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, नुसता फवारा मोत्यासारखा घरंगळून जमिनीवर पडतो. फवारणी संध्याकाळी.

ढगाळ हवा आणि सकाळचं दव तीन-चार दिवस टिकलं की करपा. जांभळ्या करप्याचा डाग आधी पांढुरका, खोलगट, मग मध्ये जांभळा आणि कडेला पिवळा. तिथे पात मोडते. रोगट पात लगेच काढून बाहेर टाका, वाफ्यात कुजू देऊ नका. मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम मारलं तर पाकिटावरचा काढणीपूर्व कालावधी पाळा आणि तोवर ती पात भाजीत घालू नका. ट्रायकोडर्मा दिलेल्या वाफ्यात बुरशीनाशक लगेच ओतलं तर ट्रायकोडर्माही मरतो. दोन्हींत किमान पंधरा दिवस ठेवा.

गंगापूररोड_गच्ची | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

डेंगळे आले तर? आपल्याकडे थंडी कडक असते, निफाडकडे तर पारा फारच खाली जातो.

दिवसमान | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

म्हणूनच ऑक्टोबरच्या शेवटाआधी बी टाकू नका. रोप पेन्सिलीएवढं जाड झालेलं असताना थंडी लागली की ते फुलायच्या मार्गाला लागतं. बारीक रोपाला तीच थंडी बाधत नाही. सप्टेंबरात टाकलेलं बी जानेवारीत डेंगळे काढतं ते यामुळे. दिसताक्षणी मोडा आणि तो कांदा आधी खा. मोडल्यावरही मधली कडक दांडी गड्ड्यात राहतेच, तो साठवणीत घेऊ नका.

चाळ_सांभाळणारा | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२५

आता काढणी आणि साठवण. माझ्या मते या धाग्यातला हाच खरा भाग, कारण मार्चमध्ये सुंदर दिसलेला कांदा ऑगस्टमध्ये हातात किती उरतो, त्यावर सगळी मेहनत मोजायची असते.

पात्या आपोआप मानेतून आडव्या पडायला लागतात. निम्म्या पडल्या की काढणी. काही जण घाई करून पायाने पात तुडवतात, तसं करू नका, तुडवलेल्या मानेला जखम होते. शंभर टक्के पडेपर्यंत थांबूही नका. जमिनीत राहिलेल्या कांद्याची वरची पत्ती सडते किंवा फाटते, आणि ती पत्तीच त्याचं पांघरूण असतं. काढणीच्या दहा दिवस आधी पाणी पूर्ण तोडा, बॅगेत सहा-सात दिवस आधी. मार्चमध्ये अवकाळीचा अंदाज आला तर तीस टक्के माना पडल्या असल्या तरी काढून घ्या. गारपिटीचा मार लागलेला किंवा पाण्यात बसलेला कांदा टिकत नाही.

सकाळी काढा, मुळांची माती हाताने झटका, धुवायचं नाही. वाफ्यातच ओळीत असे मांडा की एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. गड्ड्यांना थेट ऊन लागलं तर एका बाजूला पांढरट, मऊ चट्टा पडतो आणि तिथून सड सुरू होते. तीन दिवस असं ठेवून सावलीत न्या, जिथे वारा आरपार जातो तिथे. व्हरांडा, जिन्याखालची खिडकीची जागा, गच्चीवर शेडनेटखाली. तिथे दहा ते पंधरा दिवस.

सुकला की नाही हे बघायची रीत : मान अंगठा आणि तर्जनीत धरून पिळा. आत काही सरकल्यासारखं, निसरडं लागलं तर अजून ओल आहे. कागदासारखी चुरचुरली की झाली. मगच पात कापायची आणि अडीच सेंटीमीटर मान ठेवायची. अगदी बुडाशी कापली तर दार उघडं ठेवल्यासारखं होतं.

सातपूर_सेंद्रिय | २० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

पात न कापता वेणी घालून टांगली तर? छोट्या कांद्याला ती सोयीची पडते, वाराही चारी बाजूंनी लागतो.

चाळ_सांभाळणारा | २० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

चालेल, उलट छोट्या कांद्याला जुडी चांगली. दोन अटी. पात पूर्ण वाळलेली हवी, आणि एका जुडीत वीस-पंचवीसपेक्षा जास्त नको. जाड वेणीच्या मधला एक सडला तर बाहेरून दिसत नाही, वास आला की कळतं. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगू नका, वाफ लागते.

मोकळा साठवायचा तर जाळीची पिशवी अर्धीच भरून टांगा, किंवा बांबूच्या टोपलीत चार-पाच इंचांचा थर. प्लास्टिकची पिशवी आणि बंद डबा नको. बटाट्याबरोबरही नको, बटाटा ओल सोडतो.

फ्रिजबद्दल नेहमी विचारतात. कांद्याला कोंब सर्वांत जोरात येतात ते साधारण १० ते २० अंशांत. २५ ते ३० अंशांना तो झोपून राहतो, म्हणून तर आपल्या कांदाचाळी (कांदा साठवायचे हवेशीर मांडव) बिनयंत्राच्या चालतात. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी. घरच्या फ्रिजमध्ये थंडी आणि ओल दोन्ही असते, बाहेर काढला की आठवड्यात कोंब.

एप्रिल-मेमध्ये काळजी फक्त वजन घटण्याची. खरी परीक्षा जूनअखेरपासून. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते, बुडाला पांढरी मुळं फुटतात, पत्तीखाली काजळी धरते. तेव्हा कांदे घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत आणा, दिवसातून तासभर पंख्याचा वारा द्या आणि दर आठ दिवसांनी एकेक हाताळा. मऊ लागला, काढा. मानेशी ओलसर, काढा. नुसती वरच्या पत्तीवर काजळी असेल तर पत्ती सोलून लगेच वापरता येतो. आत गेली असेल तर फेका. निवड करताना कांदे ओतू नका, आदळलेल्या जागी महिन्याने सड दिसते.

असं सांभाळलं तर चार-पाच महिने धरा. चांगला वाफा तीन-चार किलो देतो, त्यातला जाड मानेचा, डेंगळ्याचा, जखमी माल आधीच वेगळा करून मार्च-एप्रिलमध्ये खाऊन टाका.

गंगापूररोड_गच्ची | २० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

पुढच्या वर्षासाठी बी घरीच धरता येईल का?

दिवसमान | २० ऑक्टोबर, दुपारी २:०५

धरता येतं, पण नाशकात एक मोठी अडचण आहे. छोटा कांदा आणि आपला लाल कांदा एकाच जातकुळीतले, मधमाशी दोघांचा संकर सहज करते. बीजोत्पादनाला पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर ठेवतात. इथे जानेवारी-फेब्रुवारीत आसपास कुठे ना कुठे कांद्याचे गोंडे (फुलांचे गुच्छ) फुललेले असतातच. उघड्यावर धरलेल्या बियातून पुढच्या वर्षी निम्मे कांदे भलतेच निघतील.

उपाय म्हणजे मच्छरदाणीचं कापड. पंधरा-वीस निवडक गड्डे ऑक्टोबरअखेर एकत्र लावा, एकटादुकटा नको. गोंडे फुटायच्या आत त्यांच्यावर कापडाचा पिंजरा उभा करा. फुलू लागले की रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास मऊ ब्रश एका गोंड्यावरून दुसऱ्यावर फिरवा, तीन आठवडे तरी. एका फुलात आधी पराग सुटतो आणि मग स्त्रीकेसर तयार होतं, म्हणून एकाच फुलावर ब्रश घासून भागत नाही. गोंड्यातल्या काही बोंडांमध्ये काळं बी दिसू लागलं की दांडीसकट कापा, कागदावर सावलीत वाळवा, चोळून पाखडा. चांगलं कोरडं झालं की घट्ट झाकणाच्या बाटलीत. इथे मात्र फ्रिज चालतो, बी कोरडं आणि बाटली घट्ट असेल तर.

पंचवटीची_पालवी | २० ऑक्टोबर, दुपारी ३:२०

आणि गड्डे ऑक्टोबरपर्यंत टिकवायचे तर मार्चमध्येच वेगळे काढा. मध्यम आकार, बारीक मान, पत्ती पूर्ण. हवे त्याच्या दुप्पट ठेवा, पावसाळ्यात निम्मे जातील असं धरूनच.

गंगापूररोड_गच्ची | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

पन्नास दाणे टिश्यूवर ठेवले. एक नोव्हेंबरला बाराव्या दिवसाचा आकडा इथे लिहितो, त्यावर किती बी टाकायचं ते सांगा.

मातीतला_सोबती | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

बाराव्या दिवसापर्यंत थांबू नका. सहाव्या दिवशी तीसच्या वर असले तर त्याच दिवशी ट्रे भरा. दाणे ठेवलेल्या डब्यात पाणी साचू देऊ नका, नुसती ओल हवी.